मार्सिलीची पेटी आणि संगणक

बॉस्फरसची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 700 मीटर रुंद आहे. पृष्ठभागावरून काळ्या समुद्राचे कमी खारे पाणी दक्षिणेस वाहते. तळाशी भूमध्य समुद्राकडील जड, खारे पाणी उलट उत्तरेस जाते. तेथील कोळ्यांना हे ठाऊक होते. मार्सिली या इटालियन तरुणाने 1680 च्या सुमारास त्याचे कारण शोधले. पेटीत आडपडदा घालून त्याने एकीकडे अधिक व दुसरीकडे कमी खारे पाणी भरले. पडद्याची वरची व खालची छिद्रे उघडताच दोन उलट प्रवाह सुरू झाले. आजच्या संगणकीय प्रतिमानाची ही पेटी आम्हांस पूर्वजच वाटते.

संगणक समुद्राचे चौकोन पाडून प्रत्येकातील पाण्याचा वेग, तापमान व क्षारता गणिताने काढतो. चौकोनाची बाजू 100 किलोमीटर धरली, तर 700 मीटरची वाट त्यात कोठून दिसणार? काळा समुद्र कोंडला जातो आणि डॅन्यूबसारख्या नद्यांच्या पाण्याने गणितात फुगत राहतो. म्हणून शास्त्रज्ञ कधी सामुद्रधुनी मुद्दाम रुंद दाखवितात. ही आम्हांस प्रथम लबाडीच वाटली. पण नकाशावरील नदीची रेघ तरी प्रमाणात कोठे असते? दुसरा उपाय चौकोन बारीक करण्याचा. मात्र बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात, आणि काम आठपट वाढते.