आधी ओल शोधा, मग इपॉक्सी लावा

मुंबईत खोताच्या वाडीतल्या आमच्या घराच्या गॅलरीचा कोपऱ्यातला खांब बाहेरून चकचकीत दिसत होता, पण तळाशी आतून त्याचा भुसा झाला होता. कंत्राटदाराने त्यावर इपॉक्सीचे दोन हात दिले होते. "बोटीला चालतं, मग घराला का नाही?" हे त्याचं म्हणणं. वाडीतले लाकडी जिने, कठडे, गॅलऱ्या जपणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं.

बोटीला चालतं, हे खरं. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधली गेली. तिच्या अंगात रेड सिडरच्या पट्ट्या आहेत, आतून-बाहेरून काचतंतू आणि इपॉक्सीत बंद केलेल्या. पण तिथे कोरडं लाकूड सगळ्या बाजूंनी बंद झालं. पाण्याला शिरायला वाट उरली नाही.

घराच्या खांबाचं एक टोक दगडी जोत्यात असतं, दुसरं तुळईखाली. जोत्यातून ओल चढते, पन्हाळ गळत असेल तर वरूनही उतरते. उघडं किंवा तेल दिलेलं लाकूड पावसाळा सरला की ती हळूहळू सोडतं. इपॉक्सी ती वाटच बुजवतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीचा धोका सुरू होतो. सागाचा गाभा बराच तग धरतो. आमच्या खांबाला जुन्या डागडुजीत जोडलेला हलक्या लाकडाचा तुकडा आधी गेला, आणि वरचा थर शाबूत असल्याने कुणाला पत्ता लागला नाही.

म्हणून आधी पाणी कुठून येतं ते शोधा. पन्हाळ, कौलं, जोतं दुरुस्त करा. टोच्याने खांबाचा तळ तपासा. टोचा सहज आत गेला तर तो भाग निरोगी लाकडापर्यंत कापून सागाचाच जोड द्या. सडक्या लाकडावर कुठलाही थर टिकत नाही.

भिंतीत रुतलेल्या लाकडाला जवसाचं तेल द्या. ते दर एक-दोन वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं, पण कुजणं लपत नाही.

इपॉक्सी वापरायचंच, तर जोडकामासाठी किंवा काढून सहाही बाजूंनी लावता येईल अशा सुट्या भागांना वापरा. काम पावसाळ्याआधी, ओलावामापकाने लाकूड कोरडं असल्याची खात्री करूनच करा. इपॉक्सीत मिसळायचा हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच घाला. जास्त घातल्याने थर लवकर सुकत नाही, कच्चाच राहतो. दमट हवेत वर मेणचट साय धरते, ती पाण्याने धुऊन मगच पुढचा हात द्या. उन्हात इपॉक्सी पिवळं पडून खडूसारखं सुटतं, म्हणून वरून रंग हवाच. हातमोजे विसरू नका; त्वचेला एकदा त्याची ॲलर्जी जडली की सहसा जात नाही.

वाडीतली जुनी घरं कमी होत चालली आहेत. जी उभी आहेत, त्यांच्या प्रत्येक खांबाचा तळ दर दिवाळीआधी तपासा. कंत्राटदाराने इपॉक्सी सुचवलं, तर त्याला एकच विचारा: आतली ओल बाहेर कुठून पडणार? उत्तर मिळेपर्यंत डबा उघडू देऊ नका.