पावसाच्या पाण्याची आकारणी

पाऊस फुकट पडतो. पडलेले पाणी वाहून नेणे मात्र फुकट होत नाही. इंग्लंडमध्ये घरगुती बिलात नळाचे पाणी व सांडपाणी यांखेरीज पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचाही आकार असतो. छपरावरचे आणि मोटार उभी करण्याच्या फरसबंद जागेवरचे पाणी सार्वजनिक गटारात जाते, त्याचा हा मोबदला होय.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. लंडनमध्ये वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे २० चौरस मीटर फरशीवर १२,००० लिटर! मातीत यातले बरेचसे मुरले असते.

तेथील अनेक कंपन्या घराचा प्रकार पाहून ठरावीक रक्कम घेतात. त्यामुळे हिरवळ राखणारा व सारे अंगण फरसबंद करणारा सारखेच भरतात. सर्व पाणी स्वतःच्या शोषखड्ड्यात जिरविणाऱ्यास आकार माफ होतो. परंतु अर्ज त्यानेच करावयाचा. नियम ठाऊक नसलेला ग्राहक न घेतलेल्या सेवेचे पैसे भरत राहतो.

जर्मनीतील अनेक शहरांत पाणी न मुरणारी जागा मोजून आकारणी होते. फरशी कमी केली की बिलही उतरते. ज्याच्यामुळे खर्च वाढतो त्याने तो सोसावा, हे तत्त्व येथे अधिक पाळले जाते.

आपणही अंगणात फरशी घालण्यापूर्वी हा गुणाकार करून पाहावा. बिल येवो न येवो, ते पाणी उताराने कोणाच्या तरी दारी जाणारच.