म्हातारपणाची उदासी आणि औषधाची गोळी

‘वय झालं, आता असं व्हायचंच,’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. सत्तरीतले आबा शेताकडे जाईनासे होतात, पारावर बसत नाहीत, हरिपाठाची वेळ झाली तरी खाटेवरून उठत नाहीत. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. ‘मन उदास आहे’ असे मात्र ते म्हणणार नाहीत. अंगात त्राण नाही, तोंडाला चव नाही, पोटात कसंतरी होतं, डोकं बधिर झालंय, अशीच तक्रार असते. मग सोनोग्राफी होते, सलाईन लागते, ताकदीचे इंजेक्शन होते. पैसा जातो, आबा आहेत तिथेच.

ही लक्षणे दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, तर ते केवळ म्हातारपण नव्हे. नैराश्याचा आजार असू शकतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर मोठी पाहणी केली. तीत साठीपुढच्या दर बारा माणसांत सुमारे एकाला असे नैराश्य असल्याचे दिसले. ज्यांचे निदान आधी झालेले होते, ते शंभरात एकही भरत नव्हते.

औषध देण्यापूर्वी डॉक्टर थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घेतात, कारण यांच्या कमतरतेतही माणूस असाच मरगळतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी. नावे आठवत बसण्यापेक्षा ते बरे.

आता मुख्य मुद्दा. वृद्धांना बहुधा एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिन यांसारखी गोळी कमी मात्रेत सुरू करतात व हळूहळू वाढवतात. ही गोळी तापाच्या गोळीसारखी नाही. पोटात मळमळ, थोडी बेचैनी, डोकेदुखी हे त्रास पहिल्याच आठवड्यात येतात. गुण यायला मात्र चार ते सहा आठवडे लागतात, उतारवयात कधी आठ ते बाराही. म्हणजे आधी त्रास, मग फायदा. नेमक्या याच फटीत बहुतेक उपचार बुडतात. आठव्या दिवशी घरचे म्हणतात, ‘गोळीनं उलट जास्तच झालं,’ आणि पाकीट कोनाड्यात पडते. मळमळ बहुधा आठ-पंधरा दिवसांत ओसरते, हे आधीच ठाऊक असेल तर धीर धरता येतो.

काही गोष्टींत मात्र धीर धरू नये. या गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातले सोडियम कधी कधी उतरते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका अधिक. माणूस असंबद्ध बोलू लागला, गुंगीत राहू लागला, चालताना झोक जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून सोडियम तपासावे. अ‍ॅस्पिरिन किंवा सांधेदुखीच्या गोळ्या सोबत असतील तर शौच काळे होते का, इकडे लक्ष हवे.

बरे वाटले की गोळी बंद, हीही आपली खोड. बरे वाटल्यानंतरही किमान सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावे लागते आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते. ‘सवय लागेल’ ही भीती खरे तर झोपेच्या गोळीबद्दल बाळगायला हवी. अल्प्राझोलामसारखी गोळी महिनोन्‌महिने घेणारी म्हातारी माणसे कमी नाहीत. ती नैराश्य बरे करत नाही, सवय लावते आणि रात्री लघवीला उठताना माणसाला पाडते. तीही एकदम तोडू नये. डॉक्टरांकडूनच कमी करून घ्यावी.

या औषधाचा अनुभव जवळच्या गोव्यातही घेतला गेला. तिथल्या सरकारी रुग्णालयांत प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लुओक्सेटिन ही स्वस्त गोळी, तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळीपेक्षा दोन महिन्यांत सरस ठरली. पण सौम्य उदासीला दर वेळी गोळीच हवी असेही नाही. २०१९ मध्ये गोव्याचाच दुसरा अभ्यास आला. नैराश्याच्या उंबरठ्यावरच्या १८१ वृद्धांपैकी निम्म्यांशी प्रशिक्षित सामान्य कार्यकर्ते बोलले. अडचणी कशा सोडवाव्यात, झोप कशी सुधारावी, सरकारी योजनेचा लाभ कसा मिळवावा हे त्यांनी समजावले. वर्षभरात त्यांच्यातले शंभरी सुमारे ४ जण आजारी पडले, इतरांत १४.

‘देवानं आता उचलावं’ असे कोणी वारंवार म्हणू लागले, जेवण सोडले, तर गुण येण्याची वाट पाहत बसू नये. फवारणीचे औषध त्याच दिवशी घराबाहेर कुलपात ठेवावे, गोळ्यांचे पाकीट घरातल्या जबाबदार माणसाने सांभाळावे आणि रुग्णाला एकटे न सोडता जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून रात्री-अपरात्रीही लागतो. तिथे मराठीत बोलता येते.