नाव न लिहिलेली लेकरं

शास्त्रभाग: उत्पत्ती ४:८-१०



काइनाने हाबेलाला शेतात मारलं तेव्हा बघायला कोणी नव्हतं. पण देवाने शिक्षा सुनावण्याआधी भावाचा ठावठिकाणा विचारला. काइनाने हात झटकले. तरी जमिनीतला आक्रोश देवापर्यंत पोचलाच होता.

हा भाग वाचला की मला कॅनडातल्या निवासी शाळा आठवतात. १९व्या शतकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकापर्यंत सुमारे १,५०,००० मूळनिवासी मुलांना या शाळांत ठेवलं गेलं, अनेकांना जबरदस्तीने. पैसा सरकारचा, पण शाळा चालवणारे आपल्यासारखेच बायबल वाचणारे: कॅथलिक, अँग्लिकन आणि इतर मंडळ्या. मुलांचे केस कापले, स्वतःची भाषा बोलायला बंदी केली. क्षयरोगाने, उपासमारीने, दुर्लक्षाने मुलं गेली. आतापर्यंत ४,१०० हून अधिक मृत्यूंची नोंद सापडली आहे. खर्च नको म्हणून अनेकांचे देह घरी पाठवलेच नाहीत. २०१५ मध्ये सत्य आणि समेट आयोगाने सांगितलं की जवळजवळ एक तृतीयांश मृत्यूंच्या नोंदीत मुलाचं नावच नाही.

नावच नाही! मग त्या आईला काय कळवलं असेल?

मे २०२१ मध्ये कॅमलूप्सच्या जुन्या शाळेजवळ रडारने संभाव्य कबरींच्या खुणा दाखवल्या. रडारला हललेली माती दिसते, मूल दिसत नाही. म्हणून जुन्या नोंदवह्या आणि शाळेतून वाचलेल्यांच्या साक्षी ताडून पाहाव्या लागतात. घाईने आकडा सांगणं नको, आणि घाईने विषय मिटवणंही नको.

२०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मास्कवासिस इथे जाऊन क्षमा मागितली. खरं सांगतो, मला तेव्हा वाटलं, चला, झालं एकदाचं. आज हा शास्त्रभाग वाचताना माझीच लाज वाटली. देवाचा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. तो लेकरू कुठे आहे, हे सांगितल्याशिवाय क्षमा मागणं अर्धवटच. कपाटातल्या नोंदी उघडणं हाही पश्चात्तापच आहे.

आज स्वतःला विचारूया: मंडळीचं नाव खराब होईल म्हणून मी कोणाचं दुःख झाकून ठेवलंय का?

प्रार्थना: प्रभू, ज्यांची नावं आम्ही लिहिली नाहीत ती तुला ठाऊक आहेत. आम्हाला खरं बोलायचं आणि खरं ऐकायचं धैर्य दे. आमेन.