क्ष-किरण आणि गुळाचा रवा

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर प्रवाशाच्या पिशवीत गुळाचा रवा असला, तर क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर तो नारिंगी दिसतो. जर्मन शास्त्रज्ञ रंटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेले हे किरण येथे दोन भिन्न ऊर्जांवर वापरले जातात. त्यांच्या शोषणातील फरकावरून पदार्थ कोणत्या मूलद्रव्यांचा असावा, हे अजमावता येते. पोलाद निळे दिसते. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे पदार्थ नारिंगी. बहुतेक स्फोटके व अमली पदार्थ याच गटातील. पण साबण आणि कोल्हापुरी चपलेचे कातडेही त्यातच! रंग हा पुरावा नव्हे. घनता, आकार, लगतच्या तारा वा बॅटरी पाहून तपासनीस पिशवी उघडावयास लावतो. अमली पदार्थांच्या खटल्यातही, १९८५ च्या कायद्यान्वये, महत्त्व असते ते प्रयोगशाळेच्या रासायनिक अहवालाला.