सर्व्हिस चार्ज : बिलात काय धरावे, काय धरू नये

विंचूरला कांद्याचा लिलाव असला की ट्रॅक्टरवाले, हमाल, आडते असे सगळेच जेवायला येतात. शिवाय नाशिक-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे प्रवासी आहेतच. या भागात खानावळ, बिर्याणी हाऊस किंवा ढाबा चालविणाऱ्या बांधवांपुढे आम्ही आज एक हिशेब ठेवत आहोत.

समजा, जेवणाचे १००० रुपये झाले. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज धरला की ११००. त्यावर ५ टक्के जीएसटी लावला की ११५५. सर्व्हिस चार्ज नसता तर बिल १०५० झाले असते. गिऱ्हाईक १०५ रुपये जास्त देऊन गेले; त्यातले ५ रुपये तर बक्षिशीवरचा कर!

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी यास मनाई केली. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप धरू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये, जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी लावू नये आणि तो न देणाऱ्याला दारातून परत पाठवू नये. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगितीही मिळाली. परंतु २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने या सूचना कायम केल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा भुर्दंड बसला. त्याविरुद्ध त्याच वर्षी अपील झाले.

“आम्ही मेनूकार्डावर छापले आहे, मग काय हरकत?” असे काहीजण विचारतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये असा आकार ठळकपणे छापला तर घेण्याची मुभा हॉटेलांना दिली. आपल्याकडे नुसते छापून भागत नाही. गिऱ्हाइकाने खुशीने बक्षीस दिले तर कोणाची ना नाही, सक्ती नको.

वेटरपोऱ्यांच्या पगाराचे काय, हा प्रश्न खरा आहे. पण पगार हा मालकाचा खर्च आहे. तो थाळीच्या भावात धरावा; भाव ठरवायला मालक मोकळा आहे. १०० ची थाळी ११० ला विकली तर गिऱ्हाइकाला बसण्यापूर्वीच कळते. बिल हातात आल्यावर कळले की वाद होतो, आणि तो बिचाऱ्या वेटरशीच होतो.

आणखी एक. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्या हॉटेलवाल्याला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताच येत नाही. आपण कंपोझिशनमध्ये आहोत व कर आकारू शकत नाही, हे बिलाच्या माथ्यावर लिहावे लागते. दुकानाच्या पाटीवरही कंपोझिशनचा उल्लेख हवा. बिलबुके छापखान्यात टाकण्यापूर्वी हा मजकूर कर सल्लागाराला दाखवून घ्यावा. आणि गल्ल्यावर बसणाऱ्याला सांगून ठेवावे : गिऱ्हाइकाने सर्व्हिस चार्ज काढायला सांगितले तर हुज्जत न घालता काढावा. तक्रारीचा १९१५ हा नंबर गिऱ्हाइकाला फुकट लावता येतो.