लुंबिनीला व्हिसा लागत नाही, मग आधार कार्ड का चालत नाही?

प्रश्न : आमच्या विहारातल्या उपासिकांनी येत्या थंडीत धम्मयात्रा ठरवली आहे. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करून लुंबिनीलाही जायचे आहे. लुंबिनी नेपाळात आहे, म्हणजे परदेशातच की! पण ट्रॅव्हल्सवाले म्हणतात, व्हिसा लागत नाही, पासपोर्टही लागत नाही. मात्र आधार कार्ड चालणार नाही, मतदान कार्ड आणा. परदेशात जायला व्हिसा कसा लागत नाही? आणि बँकेपासून रेशनपर्यंत सगळीकडे चालणारे आधार तिथेच का अडते? आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या आजी आहेत, कॉलेजात जाणाऱ्या पोरीही आहेत.
— एक वाचक, उमरेड

उत्तर : ट्रॅव्हल्सवाल्यांनी सांगितले ते खरे आहे, पण अर्धेच. तुमच्या आजींना आधार चालेल. अडचण येईल ती मधल्या वयाच्या बायकांना. ती का येते हे एकदा नीट कळले, की कोणाच्या पिशवीत कोणता कागद असायला हवा ते कोणाला विचारावे लागणार नाही.

आधी व्हिसाचे. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशाने आधीच दिलेली प्रवेशाची परवानगी. नेपाळ आणि भारत यांनी ही परवानगी एकमेकांच्या नागरिकांपुरती मागायचीच नाही असे ठरवले आहे. त्याचा लेखी आधार म्हणजे 31 जुलै 1950 रोजी काठमांडूत झालेला शांतता व मैत्री करार. त्याच्या सातव्या कलमात दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहणे, मालमत्ता घेणे, व्यापार करणे आणि येणे-जाणे यांत सारखी सवलत कबूल केली. काळही तसाच होता. चीनमध्ये नवी राजवट आली होती, तिबेटचे काय होणार ही चिंता होती आणि दिल्लीला हिमालयाच्या अलीकडे भरवशाचा शेजारी हवा होता. नेपाळच्या बाजूने सही करणारे मोहन शमशेर राणा यांची राजवट पुढच्याच वर्षी गेली. करार मात्र राहिला. नेपाळात या करारावर टीका होते, तो बदलावा अशी मागणी अनेकदा झाली आहे, पण ये-जा चालू आहे.

करार 1950 चा असला तरी ये-जा त्याआधीची. साधारण साडेसतराशे किलोमीटरची ही सीमा बहुतेक ठिकाणी शेतातून, नाल्यातून, बाजारपेठेच्या मधून जाते. मुलगी अलीकडची, सासर पलीकडचे. शेत इकडे, गिरणी तिकडे. अशा लोकांना रोज व्हिसा मागणे शक्यच नव्हते. ही सोय मुळात त्यांच्यासाठी आहे, आणि उमरेडहून निघालेल्या यात्रेकरूला ती आयती मिळते. सरहद्दीवरच्या त्या लोकांचे हे ऋण आपण ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

मात्र सगळे नेपाळ भारतीयांना नेहमीच असे खुले नव्हते. राणांच्या काळात तराईत फिरता येई, पण डोंगर चढून काठमांडूच्या खोऱ्यात जायचे तर परवाना लागे. महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना सूट असे. बौद्ध पंडित राहुल सांकृत्यायन 1929 मध्ये तिबेटला निघाले, तेव्हा याच शिवरात्रीच्या गर्दीतून ते नेपाळात शिरले. पुढे दिवस पालटले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर महिन्याभरातच, नोव्हेंबरमध्ये, बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावरचे त्यांचे भाषण तिथलेच. तुमच्या गावापासून दीक्षाभूमी पन्नास किलोमीटरच्या आत आहे. तिथून निघून नेपाळात जाणारी तुमची बस त्या अर्थाने जुन्याच वाटेने जाणार आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. व्हिसा माफ आहे तो भारतीय नागरिकाला. नेपाळात येणाऱ्या प्रत्येकाला तो माफ नाही. म्हणून सीमेवरचा माणूस तुम्हाला परवानगी विचारत नाही, तुम्ही भारताचे नागरिक आहात का, एवढेच पाहतो. आणि नेमके हेच आधार कार्ड सांगत नाही. 2016 च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेल्या कोणाही रहिवाशाला आधार काढता येते. नागपुरात पहारेकरी म्हणून किंवा हॉटेलात काम करणारे कितीतरी नेपाळी लोक आहेत. त्यातल्या एखाद्याने काढलेले आधार पूर्ण कायदेशीर असते आणि तरी तो नेपाळचाच नागरिक असतो. त्याचे आणि तुमचे कार्ड दिसायला सारखेच. सरकारी योजनेला, बँकेला, सिमकार्डाला ‘हा माणूस तोच आहे का’ एवढे पुरते, म्हणून तिथे आधार चालते.

मतदान कार्डाचे तसे नाही. मतदार यादीत नाव येण्यासाठी भारताचा नागरिक असणे ही राज्यघटनेच्या 326 व्या कलमाची अट आहे. म्हणून निवडणूक आयोगाचे ओळखपत्र पासपोर्टच्या बरोबरीने चालते. विमानाने काठमांडूला जायचे तर पासपोर्ट किंवा मतदान कार्ड या दोहोंपैकी एक हवेच. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले आपले विमान अपहरण करून कंदाहारला नेले गेले. विमानप्रवाशांसाठी ओळखपत्राची सक्ती त्यानंतर आली.

तुमच्या बसमधल्या मंडळींपुरते बोलायचे तर 65 वर्षांवरील आणि 15 वर्षांखालील यात्रेकरूंना पासपोर्ट किंवा मतदान कार्डाची अट नाही. फोटो असलेला आणि वय, ओळख पटवणारा कागद त्यांना पुरतो. आधार, पॅन, वाहन परवाना, रेशन कार्ड, काहीही. 15 ते 18 च्या मुलामुलींनी शाळा-कॉलेजच्या मुख्याध्यापकांचे किंवा प्राचार्यांचे ठरावीक नमुन्यातले ओळखपत्र घ्यावे. आणखी एक सवलत कुटुंबासाठी आहे. नवरा, बायको, लहान मुले आणि आई-वडील एकत्र जात असतील आणि त्यातल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदान कार्ड असेल, तर बाकीच्यांना नाते दाखवणारे फोटोचे ओळखपत्र पुरते.

इथेच धम्मयात्रेची खरी अडचण आहे. विहारातल्या चाळीस बायका एकमेकींना ताई, माई, काकू म्हणत असल्या तरी नियमाच्या दृष्टीने ते कुटुंब नाही. घरचे पुरुष मागे शेतात, खाणीत, दुकानात. बाई एकटी यात्रेला निघालेली. म्हणजे पासपोर्ट नसेल तर 18 ते 65 मधल्या प्रत्येकीकडे स्वतःचे मतदान कार्ड हवे. ते अनेकींकडे नसते. असते ते माहेरच्या नावाचे असते, नाहीतर लॅमिनेशनच्या आत फोटो काळा पडलेला असतो. यात्रा ठरली त्याच आठवड्यात सगळ्यांची कार्डे एका चटईवर मांडून बघा. नाव, पत्ता किंवा फोटो दुरुस्त करायचा असेल, कार्ड हरवले असेल, तर अर्जाचा नमुना 8 आहे. नावच यादीत नसेल तर नमुना 6. उमरेडच्या तहसील कार्यालयातली निवडणूक शाखा किंवा तुमच्या भागातले बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचे अधिकारी, हे अर्ज घेतात, ऑनलाइनही भरता येतात. कार्ड हातात यायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीनंतरच्या यात्रेचे काम पावसाळ्यातच उरकलेले बरे.

‘पण सोनौलीला तर कोणी काही विचारतच नाही’ असे जाऊन आलेले लोक तुम्हाला सांगतील. तेही खोटे नाही. उत्तर प्रदेशातल्या महाराजगंज जिल्ह्यातल्या या नाक्यावरून दिवसभर माणसे पायी, सायकलीवर, रिक्षाने येत-जात असतात आणि बहुतेकांना कोणी थांबवत नाही. मात्र निवडणुका आल्या, गडबड झाली, की चित्र एका रात्रीत बदलते. मार्च 2020 मध्ये साथीमुळे सीमा बंदच झाली होती. सप्टेंबर 2025 मध्ये नेपाळात तरुणांचे आंदोलन पेटून सरकार गेले, तेव्हा सीमेवर तपासणी कडक झाली. महाराष्ट्राच्या नंबरची, बायकांनी भरलेली बस कोणाच्याही नजरेत भरते. एकीचा कागद नसला तर सगळी बस ताटकळते आणि त्या बाईला मेल्याहून मेल्यासारखे होते. तिच्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळे सांगतो आहे.

बस नेपाळात न्यायची तर सीमेपलीकडच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे त्यांच्या जकात खात्यात, दिवसाच्या हिशेबाने पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. लुंबिनी सोनौलीपासून तासाभराच्या आत आहे. त्यामुळे बस अलीकडे ठेवून नेपाळी गाडीने एका दिवसात दर्शन करून परतणारेही अनेक गट असतात. पैशांचे म्हणाल तर आपला एक रुपया म्हणजे नेपाळचे 1 रुपया 60 पैसे, हा दर 1993 पासून ठरलेला आहे. मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळने 2018 मध्ये बंदी घातली आणि पुढे ते नियम बदलत राहिले. शंभराच्या नोटा जवळ ठेवल्या तर प्रश्नच येत नाही.

लुंबिनीत अशोकस्तंभापाशी थोडे थांबा. बुद्धाचा जन्म इथे झाला म्हणून राजा स्वतः आला आणि त्याने या गावाचा कर कमी केला, असे त्या स्तंभावर कोरले आहे. हा लेख 1896 मध्ये उजेडात आला आणि जन्मस्थळाबद्दलची शंका मिटली. यात्रेकरूला आणि यात्रेच्या गावाला राज्याने सवलत द्यावी, ही कल्पना इतकी जुनी आहे.

तुम्ही विचारले नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. अशा यात्रेत कधी थायलंडचे भन्ते बरोबर असतात, कधी अमेरिकेत जन्मलेली नात. त्यांना वरचा कोणताही नियम लागू नाही. नेपाळचा व्हिसा त्यांना सीमेवरच मिळतो, 15 दिवसांचे 30 डॉलर. श्रीलंकेच्या भन्तेंना वर्षातल्या पहिल्या भेटीला तो महिनाभरासाठी मोफत असतो. अडचण परत येताना होते. भारताचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर सोनौली ओलांडताच तो संपतो आणि कुशीनगर-श्रावस्ती राहून जाते. म्हणून त्यांच्याकडे अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे का, आणि ई-व्हिसा असेल तर त्यावर सोनौलीहून परत येता येते का, हे आधी विचारा. नसेल तर लुंबिनी शेवटी ठेवा आणि त्यांना काठमांडूहून थेट मायदेशी जाऊ द्या. नातीकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देते ते कार्ड, असेल तर परत येण्याची काळजी नाही, फक्त ते कार्ड आणि परदेशी पासपोर्ट दोन्ही सोबत हवेत.

व्हिसाचा कागद माणसाला कुठवर आणू शकतो हे नागपूरने पाहिले आहे. जपानहून आलेले भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई इथल्या वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षे राबले आणि 1980 च्या दशकात व्हिसाच्या मुदतीवरून त्यांच्यावर देश सोडण्याची वेळ आली. लोक रस्त्यावर उतरले, सह्यांची मोठी मोहीम झाली आणि अखेर त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. सामान्य माणसांनी सरकारी नियमापुढे इतक्या प्रेमाने उभे राहण्याची उदाहरणे थोडी असतील.

पुढच्या वर्षी आणखी दूर जायचा विचार असेल, तर भूतान सोडून सगळीकडे पासपोर्ट लागेल. भूतानला मतदान कार्ड चालते, पण तिथे प्रवेशाचा परवाना काढावा लागतो आणि माणशी रात्रीला 1200 रुपये शुल्क भरावे लागते. श्रीलंकेला ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावे लागते. 1 मे 2025 पासून ते सक्तीचे आहे. या देशांच्या व्हिसाच्या मुदती आणि शुल्क वरचेवर बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशी त्या त्या दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावे. पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी.

36 पानी पासपोर्टला 1500 रुपये लागतात, साठीच्या पुढच्यांना त्यात दहा टक्के सूट आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, तारीख घेऊन नागपूरला जायचे आणि पोलीस पडताळणी आपल्या ठाण्यातून होते. बायकांचे अर्ज बहुतेक वेळा नावावर अडतात. आधारवर नवऱ्याचे नाव, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे, मतदान कार्डावर आडनावाचे तिसरेच स्पेलिंग. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी आधार आणि मतदान कार्ड एकसारखे करून घ्या. तेच दुरुस्त मतदान कार्ड यंदा लुंबिनीलाही कामी येईल.